सेवेचे मार्क कुणाला?

आरक्षणाचे नाव काढले की ज्यांना लगेच 'मेरिट' आठवते, त्यांची मुले बहुधा अमेरिकेत शिकतात. त्यांनी तिथल्या कव्हरडेल फेलोशिपकडे एकदा पाहावे. पीस कोअरमधून परदेशात स्वयंसेवक म्हणून राबून परतलेल्यांना पदव्युत्तर शिक्षणात फीची सवलत मिळते, काही ठिकाणी स्टायपेंडही. १९८५ साली ही योजना सुरू झाली ती कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात. होय, बाबासाहेबांच्याच कोलंबियात! शिकताना अमेरिकेतल्याच वंचित वस्तीत काम करावे लागते. म्हणजे सेवा हीसुद्धा गुणवत्ताच. तिला तिथे कुणी खैरात म्हणत नाही.

पण ही योजना इथे जशीच्या तशी आणा म्हणणाऱ्या आपल्या मित्रांनाही माझा सवाल आहे. २७ महिने निर्वाहभत्त्यावर परदेशात कोण राहू शकतो? ज्याच्या पगाराची घरी कुणी वाट पाहत नाही, तोच. आधी सेवा, मग शिक्षण ही अट घातली की गरीब दारातच गळतो.

बाबासाहेबांचा करार उलटा होता. १९१३ साली सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. आधी शिक्षण, मग सेवा. १९१७ साली बाबासाहेब सेवेला हजर झाले. शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. भाड्याने खोली मिळेना, पारशी सराईत नाव बदलून राहावे लागले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. करार बाबासाहेबांनी मोडला नाही. जातीने मोडला.

आणि आज? २०२२ साली केंद्राने नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक संशोधन हे विषयच वगळले. कोलंबियात जातीवर निबंध वाचणाऱ्या भीमरावाला आज हे सरकार पैसे देईल का? निवडीत वजन क्यूएस रँकिंगला. वस्तीत आठ-दहा वर्षे रात्रीची अभ्यासिका चालवणाऱ्या पोरीचे काम कुठे मोजणार?

ते मोजा. अट म्हणून नको, जादा गुण म्हणून मोजा. पैसे मात्र आधी द्या, विमानाच्या तिकिटासकट. आणि तिने कशावर संशोधन करायचे, हे तिचे तिला ठरवू द्या.