गाळ काढण्याआधी गाळ वाचा

पावसाळा जवळ आला की चिपळुणात एकच विचारणा सुरू होते: यंदा वाशिष्ठीतला गाळ किती काढला? उत्तर घनमीटरमध्ये येतं, वर्तमानपत्रात पोकलेनचा फोटो छापून येतो आणि बाजारपेठ जराशी निर्धास्त होते. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर या विचारणेला धार आली, ते स्वाभाविकच आहे. ज्याचा तळमजला मालासकट पाण्याखाली गेला, त्याच्यासमोर कुणी नदीचं शास्त्र सांगत बसू नये. मी तरी बसणार आहे. एक तर जन्मभर भूगोल शिकवला, आणि दुसरं म्हणजे माझं घरही त्याच पाण्यात होतं.

किती काढला हे नंतर विचारायचं. दरवर्षी येतो किती, कुठून येतो आणि नेमका कुठे बसतो, हे आधी. गाळ काढा म्हणून उपोषणं झाली, निवेदनं गेली. पण येणाऱ्या गाळाचा हिशेब मागणारा फलक मी एकाही मोर्चात पाहिला नाही.

गाळ हा नदीने लिहून ठेवलेला कागद आहे असं मानून तो वाचणारी माणसं आपल्या पुण्यातच होऊन गेली, याची मात्र फार थोड्यांना कल्पना असते. पुणे विद्यापीठातल्या भूगोल विभागाचे प्रा. विश्वास काळे आणि डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा यांनी व्हिक्टर बेकर, लिसा इली यांच्यासारख्या परदेशी संशोधकांबरोबर नर्मदा आणि तापीच्या खडकाळ घळयांमध्ये काम केलं. पद्धत सांगायला सोपी, करायला चिकाटीची. मोठ्या पुरात घळईतून पाणी सुसाट धावत असतं, पण उपनदीच्या तोंडाशी किंवा खडकाच्या आडोशाला ते उलटं आत शिरतं आणि तिथे त्याचा वेग मरतो. वेग मेला की उचललेली बारीक वाळू आणि माती पेलवत नाही, ती खाली बसते. पूर ओसरतो, थर मागे राहतो. पुढचा पूर त्या थराच्या वर चढला तर त्याचा आणखी एक थर. असं शतकानुशतकं चालतं. थरात सापडलेल्या कोळशाच्या कणावरून रेडिओकार्बन पद्धतीने त्याचं वय काढता येतं. सर्वांत वरचा थर सांगतो की पाणी निदान इथवर चढलं होतं. घळईचा कातळ एवढ्या काळात फारसा बदलत नाही, म्हणून त्या उंचीवरून त्या दिवशी किती पाणी गेलं असेल याचं गणितही मांडता येतं.

नर्मदेवर पुनासाजवळच्या थरांतून त्यांनी अशी सुमारे 1700 वर्षांची नोंद उभी केली. 1996 साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यातून निघालेली गोष्ट आपल्याला आजही नीट पचलेली नाही. मोठे पूर ठरावीक अंतराने येत नाहीत. काही काळात त्यांची गर्दी होते, मग कित्येक पिढ्या मोठा पूर येतच नाही. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले पूर त्या साऱ्या नोंदीत सर्वांत मोठ्यांमध्ये बसतात.

आता आपल्या पूररेषा पाहा. ढोबळमानाने निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकलं की माणूस 2021 मध्ये शंभर मिळवतो आणि गप्प बसतो. अर्थ तसा नाही. दरवर्षी शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. निळ्या रेषेवर घर घेऊन वीस वर्षांचं कर्ज काढलंत, तर ते फिटण्याआधी पाणी दारात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, म्हणजे साधारण 56 टक्के आहे. हा हिशेब बँक सांगत नाही, बिल्डर तर नाहीच नाही. शिवाय हे गणित काही दशकांच्या मोजणीवर उभं असतं. ती दशकं नदीच्या शांत काळातली निघाली, तर रेषा मुळातच खाली आखली गेली असं समजायचं.

तरी मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. रेषा काढताना नदीचं पात्र एकदा मोजतात, मग ते तसंच राहील असं धरून चालतात. घळईत ते चालतं, तिथे तळाशी कातळ आहे. सपाटीवर तळ म्हणजे गाळच, आणि तो दर पावसाळ्यात वरखाली होतो. तळ चढला तर तेवढंच पाणी जास्त उंचीवरून जातं. बिहारच्या कोसी नदीने हे साऱ्या देशाला दाखवलं. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळात कुसहा इथे तिचा बंधारा फुटला आणि तीस लाखांहून जास्त लोकांची वाताहत झाली. त्या दिवशी नदीत पाणी होतं साधारण 1.44 लाख क्युसेक. बंधारे बांधले होते साडेनऊ लाखांसाठी. आयआयटी कानपूरचे राजीव सिन्हा आणि इतर अभ्यासकांनी वारंवार मांडलंय की बंधाऱ्यांच्या आत कोंडलेला गाळ साचत गेला, पात्र भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच झालं आणि नदी वाट शोधू लागली. पाण्याचा आकडा सगळ्यांना माहीत होता. गाळाचा आकडा कुणी विचारात घेतला नव्हता.

वाशिष्ठी कोसी नव्हे, हे कबूल. पण चिपळुणात ती सह्याद्रीचा उतार सोडून सपाटीला लागते आणि समोरून दाभोळ खाडीची भरती चढत येते. वरून येणाऱ्या पाण्याचं बळ इथे संपतं, खालून येणारं पाणी त्याला अडवतं. गाळ बसायला याहून सोयीची जागा कोणती? तिथे खणलेला खड्डा नदी भरणारच, आणि काढलेला गाळ काठावरच रचून ठेवला तर आणखी लवकर भरेल. पुलाच्या खांबांना अडकलेले ढीग काढावेत, वाट अडवणारी बेटं कमी करावीत, त्याला माझा विरोध नाही. पण वरचं काय? 2 जुलै 2019 च्या रात्री वरच्या अंगाचं तिवरे धरण फुटलं तेव्हा माणसं गेली, त्याची चौकशी झाली. बांधाची माती कुठे गेली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ती काही हवेत विरली नाही. डोंगर कापून रस्ते रुंद करताना निघालेली माती उतारावर लोटली तर पहिल्या पावसात पऱ्यात येते, पऱ्यातून नदीत आणि नदीतून पुढच्या वर्षीच्या टेंडरमध्ये.

पूररेषेला आमच्या गावात विरोध झाला, कारण तिच्यात बाजारपेठ येते. व्यापाऱ्यांचा राग मला समजतो. तरी रेषा खोडून पाणी कमी होत नाही, आणि जुन्या पात्रावर काढलेली रेषा डोळे झाकून मानण्यातही शहाणपण नाही. दर पावसाळ्यानंतर, त्याच त्या ठिकाणी, बहादूरशेख नाक्यापासून गोवळकोटपर्यंत पात्राचे आडवे छेद मोजावेत. मागच्या वर्षीचा आणि यंदाचा छेद शेजारी शेजारी नगरपरिषदेच्या फलकावर लावावा. पुराच्या पाण्यातली माती बाटलीत भरून मोजावी, आणि तीही वेगवेगळ्या पऱ्यांच्या तोंडाशी, म्हणजे गाळ कुठल्या डोंगराचा आहे ते कळेल. गोवळकोटच्या खाजणात नळ ठोकून गाळाचा उभा गाभा काढून पाहावा. भरतीमुळे घळईइतकी स्वच्छ नोंद तिथे मिळणार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. पोकलेनच्या खर्चापुढे हे सगळं किरकोळ आहे. भूगोल आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. नगरपरिषदेने त्यांना एक होडी आणि एक परवानगीचं पत्र दिलं तर येत्या दिवाळीच्या सुट्टीत पहिला छेद घेता येईल.