जॉन चाचांची भूमिका

आपट्याचें रेल्वे स्थानक चित्रपटवाल्यांच्या फार आवडीचें आहे. डोंगराची पार्श्वभूमि, झाडी, बेताची वर्दळ आणि मुंबईपासूनचें सोयीचें अंतर. त्यांना आणखी काय हवें? १९९५ सालीं निघालेल्या "दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे" या चित्रपटांतील शेवटची आगगाडी येथूनच सुटली, हें या गांवचें लहान मूलही अभिमानानें सांगतें. नायकानें गाडीच्या दारांतून हात कसा पुढें केला आणि नायिका कशी धांवली, याचें साभिनय वर्णन आम्हां शिक्षकांस मधल्या सुट्टींत अनेक वेळां ऐकावयास मिळतें. परंतु ज्या बापानें हात सोडल्याखेरीज ती गाडी त्या मुलीला मिळणारच नव्हती, त्या बापाची भूमिका करणाऱ्या अमरीश पुरींविषयीं या वर्णनांत चकार शब्द नसतो.

स्नेहसंमेलनाच्या वेळींही हाच प्रकार. नाटकाचीं पात्रें निवडावयाचीं झालीं कीं राजपुत्र होण्यास दहा उमेदवार, आणि म्हातारा होण्यास एकही पुढें येत नाहीं. पालकही यांत मागें नसतात. एका गृहस्थांनीं तर आपल्या मुलास दारू विकणाऱ्याची भूमिका दिली, आणि तीही ख्रिस्ती माणसाची, म्हणून तक्रार केली. त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. त्याकडे मी पुढें वळणार आहें. तूर्त एवढेंच सांगतों कीं, ती तक्रार ऐकतांना मला ज्या नटाची आठवण झाली, तो आपल्याच मुलखाचा होता.

डेविड अब्राहम चेऊलकर यांचा जन्म १९०९ सालीं ठाण्यास झाला. पडद्यावर ते नुसते "डेविड" म्हणून ओळखले जात, आणि त्या नांवावरून ते ख्रिस्ती असावेत असा पुष्कळांचा समज होई. वस्तुतः ते बेने इस्राएल, म्हणजे कोंकणांतील मराठी बोलणारे यहुदी. चेऊल म्हणजे अलिबागजवळचें चौल. या समाजाची परंपरा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत चौलजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें व सात जोडपीं तेवढीं वांचलीं. त्यांचे वंशज गांवोगांव तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथ म्हणून शनिवारीं घाणा बंद ठेवीत. त्यावरून त्यांना "शनिवार तेली" हें नांव पडलें. ज्या गांवीं राहिले त्या गांवावरून आडनांव घेतलें: पेणकर, रोहेकर, आणि आपटेकरही. पनवेलीस बेथ एल हें त्यांचें प्रार्थनामंदिर १८४९ सालचें आहे. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनरींनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रू भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तें याच लोकांच्या उपयोगासाठीं. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर यांतील बहुतेक कुटुंबें हळूहळू तिकडे गेलीं. म्हणून आजच्या मुलांना हा शेजार ठाऊक नाहीं.

डेविड मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते. कायद्याचाही अभ्यास त्यांनीं केला होता. त्या काळीं पदवीधर म्हटला म्हणजे कचेरींतील खुर्ची किंवा कोर्टांतील काळा डगला, हें ठरलेलें. डेविड यांना मात्र मनाजोगी नोकरी लाभली नाहीं, आणि १९३७ सालीं "झांबो" या चित्रपटापासून ते पडद्याकडे वळले. सुशिक्षित घरांत नटाचा धंदा तेव्हां कुळाला बट्टा लावणारा समजला जाई. शिवाय बांधा ठेंगणा, आणि डोक्यावर पुढें टक्कलच राहिलें. नायक होण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही चाळीस वर्षांहून अधिक काळ ते काम करीत राहिले आणि त्यांच्या चित्रपटांची संख्या शंभराच्या पुढें गेली. चित्रपटसृष्टींतील मोठमोठ्या समारंभांचीं सूत्रें त्यांच्या हातीं देत, इतकें त्यांचें भाषण खुसखुशीत असे. १९६९ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

परंतु त्यांचें नांव राहिलें तें १९५४ सालच्या "बूट पॉलिश" या चित्रपटामुळें. निर्माते राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. भोला आणि बेलू हीं अनाथ भावंडें. ज्या बाईच्या पदरीं तीं पडतात ती त्यांना भीक मागावयास लावते. वस्तींतील जॉन चाचा मात्र त्यांस कष्टाची भाकरी खावयास शिकवितो, आणि मुलें पैसा पैसा सांठवून बूट पॉलिशचें साहित्य घेतात. आतां हा जॉन चाचा कोण? चोरून दारू विकणारा! मुंबई राज्यांत १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यानंतर हा चोरटा धंदा वस्त्या-वस्त्यांतून चाले. पुढें पोलिस त्याला धरून नेतात. म्हणजे मुलांना सचोटीचा धडा देणारा मनुष्य स्वतः बेकायदा पैशावर जगतो.

हें व्यंग डेविड यांनीं कसें सांभाळलें तें पाहण्यासारखें आहे. उपदेशकाचा आव त्यांनीं मुळींच आणला नाहीं. ते मुलांत मूल होऊन गातात, नाचतात. मुलांच्या मिटलेल्या मुठींविषयीं विचारणारें तें प्रसिद्ध गाणें. त्यांतील चाचांचा आवाज महंमद रफींचा, पण आठवतो तो डेविड यांचा गोल, हंसरा चेहरा. आणि त्या हंसण्याखालीं, आपण स्वतः या मुलांना दाखविण्याजोगे नाहीं, हें जाणणाऱ्या माणसाचा संकोच सतत दिसतो. एवढें थोडक्यांत दाखविणें ही सोपी गोष्ट नव्हे. या भूमिकेबद्दल त्यांना साहाय्यक नटाचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें.

आतां त्या गृहस्थांची तक्रार. हिंदी चित्रपटांतील ख्रिस्ती मनुष्य बहुधा हातांत बाटली घेऊनच येतो, हें खरें आहे. १९७७ सालच्या "अमर अकबर अँथनी" मधील अँथनीही दारूचा गुत्ताच चालवितो. आपल्या मंडळींत परिचारिका किती, शिक्षक किती, रेल्वेंत इमानेंइतबारें नोकरी करणारे किती, हें पडदा पाहून कोणास कळणार नाहीं. ही खंत मलाही आहे. परंतु भूमिका नाकारणें हें तिचें औषध नव्हे, असें माझें स्पष्ट मत आहे. डेविड यांनीं जॉन चाचा नाकारला असता तर दुसऱ्या कोणीं तरी तो केला असता, आणि कदाचित् एक झिंगलेला विदूषक आमच्या वांट्याला आला असता. डेविड यांनीं त्याला माणूस केलें, आणि तेंही स्वतः ख्रिस्ती नसतांना. १९६९ सालच्या "सत्यकाम" मध्यें ते पारशी रुस्तुम झाले. १९७९ सालीं "बातों बातों में" मध्यें वांद्र्याच्या ख्रिस्ती लोकांतले टॉम काका, आणि त्याच वर्षीं "गोलमाल" मध्यें हिंदु मामा. उलट १९५८ सालच्या "यहुदी" चित्रपटांतील यहुदी पिता सोहराब मोदी या पारशी नटानें उभा केला, तोही गाजला.

सर्वांनाच एवढी मोकळीक मिळत नाहीं. अमेरिकेंत फिलिप आन नांवाचे कोरियन वंशाचे नट होऊन गेले. १९०५ सालीं लॉस एंजेलिस येथें त्यांचा जन्म झाला. वडील आन चांगहो हे कोरियाच्या स्वातंत्र्याचे पुढारी. जपानी अमलांत तुरुंगवास भोगून १९३८ सालीं ते वारले. आणि त्यांच्याच मुलास दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पडद्यावर पुनः पुनः दुष्ट जपानी व्हावें लागलें, केवळ चेहरेपट्टीमुळें. कांहीं प्रेक्षक त्यांना खरोखरच जपानी समजून द्वेषाचीं पत्रें पाठवीत. त्यांनीं तीं कामेंही चोख केलीं. उतारवयांत, १९७२ पासून, "कुंग फू" या दूरचित्रवाणी मालिकेंतील मठाधिपति गुरु कान म्हणून त्यांना घरोघर मान मिळाला. डेविड यांना येथें वाटेल त्या धर्माचा काका-मामा होतां आलें, हें मुंबईच्या चित्रपटसृष्टीचें भूषण होय. (ठेंगण्या, टकल्या माणसाला तिनें नायक केलें असतें काय, हा प्रश्न वेगळा.)

डेविड यांचा शेवट आपल्या कोंकणापासून फार दूर, कॅनडांतील टोरोंटो शहरीं झाला. चित्रपट मात्र उपलब्ध आहेत. पालकांस माझी विनंती अशी कीं, येत्या सुट्टींत "बूट पॉलिश" मुलांना घेऊन पहावा; तो काळा-पांढरा आहे म्हणून मुलें प्रथम कुरकुरतील, तिकडे लक्ष देऊं नये. जॉन चाचाला पोलिस धरून नेतात त्या ठिकाणीं तीं प्रश्न विचारतील. त्यांचें उत्तर देण्याची घाई करूं नये. आधीं त्यांना काय वाटलें तें ऐकावें. आणि चित्रपट संपल्यावर भोला व्हावयास कोणाला आवडेल हें न विचारतां, जॉन चाचा कोण होईल, तेवढें विचारून आम्हांला कळवावें. संमेलनाच्या नाटकाचीं पात्रें अजून ठरावयाचीं आहेत.