मशीन नवं, वायर जुनी

परवा मालवणहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. त्याच्या मित्राने आपल्या छोट्या बोटीसाठी फिशफाइंडर घेतलाय. "तू गणपतीक येतलस तेव्हा जोडून दी," अशी ऑर्डर! घरात माझी 'वायरींचा माणूस' अशी ख्याती (की बदनामी?) आहे, त्यामुळे ही कामं माझ्याकडेच येतात. मी त्याला म्हटलं, गणपतीपर्यंत थांबू नका. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फिशफाइंडर पाण्यात आवाज सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. गेला किती वेळात आणि आला किती वेळात यावरून खोली कळते, आणि माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज चांगला परततो म्हणून मासाही दिसतो. आमचे आजोबा दोरीला शिसं बांधून वावेत पाणी मोजायचे, त्याच कामाची ही पुढची पिढी. मशीन आल्यापासून जुन्या तांडेलांची विद्या बुडाली का, यावर आमच्या पडवीत रात्र रात्र वाद झालेत. तो वाद मला आज घालायचा नाही.

माझा मुद्दा अगदी साधा आहे. मशीन कुठलं घ्यायचं यावर लोक महिनाभर चर्चा करतात, आणि त्याला वीज कुठून द्यायची हे पाच मिनिटांत ठरवतात. समोर जी वायर लोंबताना दिसेल तिला पीळ मारायचा, वर चिकटपट्टी, झालं काम.

२०२२ च्या मार्चमधली गोष्ट. काकांची फायबरची बोट, आत डिझेल इंजिन आणि १२ व्होल्टची एकच बॅटरी. इंजिनाचा स्टार्टर, दिवे, वायरलेस, सगळं तिच्यावर. फिशफाइंडरही दिव्याच्याच वायरीतून घेतलेला. जाळं टाकून, इंजिन बंद करून रात्रभर थांबले. पहाटे वारा उठला, काकांनी स्टार्टर मारला, आणि नुसतं 'टक्'. वायरलेसवर बोलायला गेले तर तोही मेलेला, कारण बॅटरी तीच. मोबाईलला रेंज नाही. उजाडल्यावर शेजारच्या बोटीने बघितलं आणि दोर टाकून ओढत आणलं. इकडे घरी काकू दहा वाजेपर्यंत बंदरावर उभी. त्या चार तासांबद्दल ती अजूनही बोलत नाही.

घरी आल्यावर निकाल लागला, "मशीनान बॅटरी खाल्ल्यान." मी हिशोब मांडला. तो छोटा फिशफाइंडर अर्धा-पाऊण अँपिअर घेतो, म्हणजे आठ तासांत फार तर सहा. ६० वॉटचा दिवा पाच अँपिअर घेतो, आठ तासांत चाळीस! बॅटरी दिव्याने खाल्ली होती, नाव मशीनचं झालं. उलट मशीन बिचारं आधीपासून सांगत होतं. महिनाभर इंजिन सुरू करताना ते दर वेळी बंद पडून परत चालू व्हायचं. स्टार्टरच्या ओढीने बॅटरीचा व्होल्टेज किती खाली जातोय, त्याचीच ती खूण. वर स्क्रीनच्या कोपऱ्यात व्होल्टेजचा आकडा असतोच. भरलेली, निवांत बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी संपली. पण सगळ्यांचं लक्ष खालच्या माशांकडे, कोपऱ्यात कोण बघतो?

त्यानंतर आम्ही जे केलं तेच या मुलांनी करावं असं माझं मत आहे. स्टार्टरच्या बॅटरीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. फिशफाइंडरला आणि वायरलेसला दुसरी बॅटरी, दिवे शक्यतो एलईडीचे. फिशफाइंडरची लाल आणि काळी, दोन्ही वायरी थेट त्या बॅटरीपर्यंत. काळी इंजिनाच्या लोखंडाला टेकवून मोकळं व्हायचं नाही. लाल वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, मशीनच्या पुस्तकात लिहिलेला फ्यूज. बऱ्याच लोकांना वाटतं फ्यूज मशीनसाठी असतो. तो मुख्यतः वायरीसाठी असतो. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते, आणि बाजूला डिझेलची टाकी असते हे विसरू नये. वायर कथिलाचा मुलामा असलेली घ्यावी, साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं. जोडाला पीळ नको, लग दाबून बसवावा. आणि पाण्यात सोडलेल्या सेन्सरची केबल या वायरींपासून लांब न्यावी, नाहीतर स्क्रीनवर मासे कमी आणि इंजिनाचे ठिपकेच जास्त.

या सगळ्याचा खर्च मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही. तरी तो टाळला जातो, कारण मशीन चार लोकांना दाखवता येतं, फ्यूज कोणाला दाखवणार? मी स्वतः पुण्यात घर घेतलं तेव्हा टाइल्स महिनाभर निवडल्या आणि वायरिंग काय घातलंय ते विचारलंसुद्धा नाही. तेव्हा कोकणातल्या पोरांना शहाणपण शिकवायचा मला फारसा अधिकार नाही. असो.

तर गणपतीपर्यंत का थांबू नका? बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. आत्ता बोटी किनाऱ्यावर झापांखाली आहेत, हात कोरडे आहेत. १ ऑगस्टला बोट पाण्यात गेली की सगळे म्हणणार, चालतंय ना, मग चालू दे. मी जुलैत दोन दिवस रजा टाकून येतोय. काकूला सांगा, उकड्या तांदळाची पेज लागेल :)