शशिकला काकोडकर : वारसा आणि निर्णय

राजकारणातील स्त्रीविषयी लिहू लागले की मराठी लेखणी पहिल्याच वाक्यात नाते सांगून मोकळी होते. अमुकांची कन्या, तमुकांच्या पत्नी. पुढे कर्तृत्वाचा कितीही तपशील आला तरी त्या पहिल्या वाक्याची सावली हटत नाही. उत्तनसारख्या गावात हे विशेष जाणवते. २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरमध्ये, २०११ पासून राज्यभर लागू झालेल्या पन्नास टक्के आरक्षणाने, स्त्रिया मोठ्या संख्येने निवडून येऊ लागल्या. लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देणारी रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीही याच उत्तनात आहे. तरीही महिला उमेदवाराबद्दलचा पहिला प्रश्न 'बाई कोणाची?' हाच असतो.

हा प्रश्न ज्यांच्या बाबतीत सर्वाधिक विचारला गेला, त्या शशिकला काकोडकर. उत्तनचा किनारा १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. गोवा १९६१ पर्यंत. त्या मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे शशिकलाताईंचे वडील. १९७२ मध्ये ताई निवडून आल्या, वडिलांच्याच मंत्रिमंडळात आल्या आणि ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेबांच्या निधनानंतर मुख्यमंत्री झाल्या. सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतरच्या भारतातील तिसऱ्या महिला मुख्यमंत्री. वय अडतीस.

पद वारशाने मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनात इसाबेल पेरोन पतीच्या निधनानंतर राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि १९७६ च्या मार्चमध्ये लष्कराने त्यांना पदच्युत केले. वारसा खुर्चीपर्यंत आणतो, पुढचे दान त्याच्या हाती नसते. ताईंनी १९७७ च्या निवडणुकीत पक्षाचे नेतृत्व केले आणि सत्ता राखली. तो कौल त्यांचा स्वतःचा होता.

त्यांच्या कारकिर्दीतील दोन कायद्यांकडे साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावे, कारण गोव्यातील कथा-कादंबऱ्यांतला भाटकार आणि मुंडकार त्यांवाचून पुरता कळत नाही. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा मुंडकार पिढ्यान् पिढ्या धन्याच्या मर्जीवर जगत असे. १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून हुसकावण्यास प्रतिबंध झाला व घराची जागा विकत घेण्याचा मार्ग खुला झाला. १९७६ च्या कूळकायद्यातील दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. बहुजन समाजाच्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या पक्षाकडून हे अपेक्षितच होते, असे म्हणता येईल. परंतु अपेक्षित गोष्ट कायद्याच्या पुस्तकात आणणे हे काम कोणीतरी करावेच लागते. एप्रिल १९७९ मध्ये त्यांचे सरकार पडले, ते स्वपक्षातीलच आमदारांनी साथ सोडल्यामुळे.

माझ्या मते ताईंच्या चरित्राचा खरा कस लागतो तो १९९० मध्ये. तेव्हा त्या शिक्षणमंत्री होत्या. प्राथमिक शिक्षण मराठी वा कोंकणीतून देणाऱ्या शाळांनाच सरकारी अनुदान मिळेल, असे धोरण त्यांनी आणले. वरवर पाहता हा मराठीवादी नेत्याचा स्वाभाविक निर्णय. त्यांचा पक्ष महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या मागणीवर वाढला होता आणि १९६७ च्या जनमत कौलात ती मागणी हरली होती. १९७५ मध्ये, त्या मुख्यमंत्री असताना, साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा ठरली. मराठीच्या बाजूने लढलेल्या या नेत्याच्या निर्णयामुळे चर्चच्या शाळांनी प्राथमिक वर्गांत इंग्रजी सोडून देवनागरी कोंकणी स्वीकारली. ज्या भाषेशी पक्षाचे भांडण होते, तिला शाळेचे दार त्यांच्या धोरणाने उघडून दिले. पक्षीय हिशेबात न बसणारा हा परिणाम त्यांनी पत्करला, म्हणून त्यांची निष्ठा घोषणेपुरती नव्हती असे मी मानतो.

या धोरणावरचा आक्षेपही खरा आहे. श्रीमंताचे मूल विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जाणार आणि मातृभाषेचे व्रत मात्र गरिबाने पाळायचे, हा अन्याय नव्हे काय? २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा अनेक सामान्य पालक त्या बाजूला होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या नेतृत्वात उतरल्या. २०१२ मध्ये सत्तांतर झाले, तरी इंग्रजी शाळांचे अनुदान थांबले नाही. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ती लढाई हरल्यातच जमा होती.

मी ज्या गावातून हे लिहितो आहे, तिथले कोळी आणि ख्रिस्ती मराठीच बोलतात. चर्चमधील उपासनाही मराठीत होते. मुले मात्र इंग्रजी माध्यमाकडे वळली आहेत. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. नोकरीचे गणित त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. परंतु माध्यमाचा प्रश्न सरकारी पैशाशी जोडून त्याचे राजकीय उत्तर मागण्याचे धाडस गोव्यात एका मंत्र्याने केले. आपण मराठीचे प्राध्यापक या प्रश्नावर परिसंवाद भरवतो आणि घरी जातो.

ताईंचे विलीनीकरणाचे राजकारण मला पटत नाही. कोंकणीचे स्वतंत्रपण त्यांच्या पक्षाने फार काळ नाकारले, ही चूकच होती. मात्र ही चूकही त्यांच्या नावावर मांडायला हवी, वडिलांच्या नव्हे. स्त्री नेत्याला तिचे श्रेय नाकारणारे लोक तिचे अपयशही तिच्याकडून काढून घेतात आणि मग तिच्याजवळ चरित्रच उरत नाही. वर्गात चरित्र हा साहित्यप्रकार शिकवताना विद्यार्थ्यांना एक साधे काम द्यावे : शशिकला काकोडकरांवर दोन पाने लिहा, आणि त्यांत 'कन्या' हा शब्द १९९० नंतर येऊ देऊ नका.