कडक चहाची किंमत

खामगाव असो की मेहकर, बाजाराच्या दिवशी सुटी चहापत्ती घेणारं गिऱ्हाईक दुकानदाराला एकच विचारतं : ‘कडक आहे ना?’ कडक म्हणजे चिमूटभर पत्तीत पातेलं लालभडक व्हायला हवं. चहाची आणि चहा विकणाऱ्याची पारख या एकाच कसोटीवर होते. गफलत इथेच आहे.

लोकांना रंग स्वस्तात हवा असतो, म्हणून तो स्वस्तात विकलाही जातो. वापरून टाकलेला चोथा वाळवायचा, त्याला कृत्रिम रंग चढवायचा आणि पत्तीत मिसळायचा, ही जुनीच भेसळ. ती ओळखायची सोपी रीत अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सांगितली आहे. गाळणकागदावर पत्ती पसरावी, थोडं पाणी शिंपडावं, मग नळाखाली पत्ती धुऊन काढावी आणि कागद उजेडासमोर धरावा. शुद्ध पत्ती डाग सोडत नाही. ही परीक्षा काउंटरवर करू देणारा, पत्ती उघड्या पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणारा दुकानदार सापडला, तर किलोमागे वीस रुपये जास्त गेले तरी त्याला सोडू नये.

हल्ली ‘वजन उतरतं’ म्हणून ऊलाँग चहाही ऑनलाइन मागवला जातो. त्या दाव्यावर विसंबावं इतका भक्कम पुरावा नाही. चीनच्या फुजियान प्रांतातला आणि तैवानचा हा चहा हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. त्याची पानं उकळायची नसतात. उकळी आलेलं पाणी जरा निवू द्यावं, पानांवर ओतावं, दोन-तीन मिनिटांत गाळून घ्यावं. तीच पानं पुन्हा दोन-तीनदा चालतात. आपल्याकडे त्यात दूध-साखर घालून दहा मिनिटं खळाखळा उकळतात आणि कडू लागला म्हणून पाकीट फडताळात जातं. बिचाऱ्या पानांचा त्यात काय दोष? रोजची दाणेदार पत्तीसुद्धा दोन-तीन मिनिटांत उतरते. पुढे उकळत राहिलं की टॅनिनसारखी तुरट द्रव्यं वाढतात.

ही द्रव्यं भाजी-भाकरीतल्या लोहाला आतड्यात बांधून ठेवतात. त्यातलं बरंचसं लोह रक्तात पोचतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तक्षयाला कारणं अनेक. पण सकाळी चहात भाकर बुडवून निंदायला जाणारी, परतल्यावर जेवण होताच पुन्हा कडक चहा घेणारी बाई या आकड्यात आहे. जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा नको, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शेतातल्या माणसाला चहा सोडा म्हणणं व्यर्थ आहे, वेळ बदला म्हणणं शक्य आहे.

गरोदर बाईला १८० दिवस रोज मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. मळमळ नको म्हणून ती चहाच्या घोटाबरोबर गिळली जाते आणि नोंदवहीत मात्र ‘गोळी घेतली’ अशी खूण होते. तपासणीत तिला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : कशाबरोबर घेतली?