घाट आणि घडण

बारावीचे निकाल लागले की आपल्या शहरांतील अनेक मध्यमवर्गीय घरांत दरवर्षी एक वाद उभा राहतो. मुलाला किंवा मुलीला गणित चांगले येते, यंत्रे उघडून पाहण्याची हौस आहे आणि चित्रकलेतही हात चांगला चालतो. अशा विद्यार्थ्याने जावे कोठे? उत्तर बहुधा ठरलेले असते. गणिताने पोट भरते आणि चित्रकलेने मन रमते, असे वडीलधारी मंडळी सांगतात. आणि एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय परीक्षांची प्रमाणपत्रे, दहावीच्या वाढीव गुणांपुरते त्यांचे काम झाले की, कपाटात जाऊन पडतात. या जुन्या वादात आता एक तिसरा मार्ग पुढे येत आहे. अभियांत्रिकी आणि डिझाइन हे दोन विषय एकत्र शिकवून त्यांची संयुक्त पदवी द्यावी, हा तो मार्ग होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील भिंती उतरविण्याचा पुरस्कार केला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम पुरे करण्यास मुभा दिली. त्यामुळे या कल्पनेस साहजिकच बळ मिळाले आहे. आम्ही तिचे मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु दोन पदव्या एका दोरीने बांधल्या म्हणजे संयुक्त शिक्षण झाले अशी आपल्या शिक्षणक्षेत्रातील धुरीणांची समजूत असेल, तर ती विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना फार महाग पडेल, हेही याच वेळी सांगणे अवश्य आहे.

प्रथम शब्दाचाच घोटाळा दूर केला पाहिजे. डिझाइन म्हटले की आपल्याकडे साडीच्या काठावरची किंवा दारावरची नक्षी डोळ्यांपुढे येते. वस्तू तयार झाल्यावर तिच्यावर चढवायचा तो साज, असे मानले जाते. वस्तुतः मराठीत या अर्थाच्या अधिक जवळ जाणारा शब्द आहे ‘घाट’. भांड्याचा घाट चांगला आहे असे आपण म्हणतो तेव्हा केवळ ते दिसते कसे एवढेच सांगत नाही. ते हातात बसते कसे, त्यातून पाणी ओतता येते कसे, घासताना बोटे आत पोचतात की नाही, हे सारे त्यात येते. त्याच्या जोडीस ‘घडण’ हा दुसरा शब्द आहे. धातू कोणता, पत्रा किती जाड, सांधा कोठे, हे घडणीचे प्रश्न होत. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट न्हाणीघरासाठी तांब्याचा बंब ठोकीत असे, तेव्हा मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राख पडण्यास जाळी आणि हाताशी तोटी, या योजनेत घाट कोठे संपतो आणि घडण कोठे सुरू होते हे त्याला कोणी विचारले नाही. एकाच माणसाच्या हातात दोन्ही विद्या होत्या. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी १९५८ मध्ये जो अहवाल लिहिला, आणि ज्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचा गौरव केला तो याच गुणासाठी.

कारखानदारी आली आणि या दोन विद्यांची फारकत झाली. काही अंशी ती अटळ होती. वाफेचे इंजिन किंवा रेल्वेचा पूल केवळ परंपरेने आलेल्या हातोटीवर बांधता येत नाही. परंतु फारकतीची किंमत कोण देतो, हे पाहिले पाहिजे.

आपल्या खेड्यांतील हातपंपाचेच उदाहरण घ्या. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील दुष्काळानंतर कठीण खडकात विंधन विहिरी खोदण्याची मोठी मोहीम देशात सुरू झाली. त्यांवर बसविलेले बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतील शेतघरांच्या नमुन्यावर बनविलेले होते. एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा पाणी ओढावे एवढीच त्यांची कुवत होती. आपल्याकडे त्यांच्यापुढे सारे गाव रांगेत उभे राहिले आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा हलत राहिला. पंप मोडून पडू लागले. पाणी वर चढेल काय, या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीने बिनचूक दिले होते. पण ते कोण ओढणार, किती वेळा ओढणार आणि मोडल्यावर दुरुस्त कोण करणार, हे प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. ते विचारले गेले महाराष्ट्रातच, जालना आणि सोलापूर येथील छोट्या कार्यशाळांतून. तेथे पोलादी बांधणीचा दणकट पंप आकारास आला. सोलापूरच्या त्या पंपावरूनच १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क-२’ हा पंप सिद्ध झाला आणि पुढे आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांत पोचला. तरीही त्याच्या मोठ्या दुरुस्तीसाठी तालुक्याहून गाडी आणि माणसांचे पथक यावे लागे. म्हणून पुढे, बहुतेक दुरुस्ती गावातल्या गावात व्हावी या हेतूने, ‘मार्क-३’ तयार करण्यात आला. येथे पाणी भरणाऱ्या बाईच्या गरजेने यंत्राची अंतर्गत रचनाच बदलून टाकली. ही नक्षी नव्हे, हेच डिझाइन.

ही उणीव केवळ गरीब देशांत भासते असेही नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात एक झडप उघडी अडकून राहिली आणि अणुभट्टी थंड राखणारे पाणी त्यातून निसटू लागले. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र झडप मिटल्याचे सुचवीत होता. याचे कारण असे की तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवीतच नव्हता. झडपेला मिटण्याचा आदेश गेला एवढेच तो दाखवीत होता. भोवती धोक्याच्या शंभरावर सूचना एकदम सुरू झालेल्या. कर्मचारी गोंधळले, त्यांनी आणीबाणीच्या पाण्याचा पुरवठा कमी केला आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला. विद्युत्-मंडलाच्या दृष्टीने दिवा निर्दोष होता. पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो खोटे बोलत होता. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने नियंत्रणकक्षाच्या रचनेतील दोषांवर बोट ठेवले, ते योग्यच होते.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. मतदानयंत्राचे इलेक्ट्रॉनिक अंग दोन सरकारी कंपन्यांनी सिद्ध केले. पण त्याचे बाह्य रूप घडविण्याच्या कामात पवईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक डिझाइन केंद्राचा वाटा होता. त्या यंत्राभोवतीचे राजकीय वाद हा येथे आमचा विषय नव्हे. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यानेही चिन्ह पाहावे, त्याच ओळीतील निळे बटण दाबावे, लाल दिवा पाहावा, आवाज ऐकावा आणि बाहेर पडावे, एवढी सोपी कृती त्या रचनेने साधली. १९८२ मध्ये केरळातील परूर येथे ज्याचा प्रथम प्रयोग झाला ते यंत्र २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत वापरले गेले.

तेव्हा दोन विद्या एकत्र याव्यात याविषयी दुमत नसावे. प्रश्न आहे तो कशा रीतीने, एवढाच. जगात याचे तीन मार्ग रूढ झालेले दिसतात. हॉलंडमधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने १९६९ पासून या संयुक्त विद्येला आपल्याच छत्राखाली स्वतंत्र स्थान दिले. ग्लासगो येथे १९८० च्या दशकापासून विद्यापीठ आणि तेथील कलाशाळा मिळून पहिल्या पदवीचाच अभ्यासक्रम चालवितात. तोच विद्यार्थी अभियांत्रिकी एकीकडे शिकतो आणि डिझाइन दुसरीकडे. लंडनमध्ये इंपीरियल कॉलेज आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्ट या दोन शेजारी संस्थांनी १९८० मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आधी एका विद्येची पदवी घेऊन आलेला विद्यार्थी तेथे दोन वर्षांत दोन्ही संस्थांच्या पदव्या मिळवितो. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. विद्यार्थ्यापुढे एकच वस्तू असते आणि तिचा न्याय दोन्ही विद्यांचे जाणकार करतात.

आपल्याकडे १९६९ मध्येच पवईचे केंद्र स्थापन झाले. त्याच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून जर्मनीतील उल्म येथे जाऊन शिकून आले होते. या केंद्राने मुख्यतः अभियंते आणि वास्तुविशारद यांना पदवीनंतर डिझाइन शिकविले. हा मार्ग चांगलाच होता. परंतु तो थोड्यांसाठी होता. पुढे गुवाहाटीच्या आय.आय.टी.ने आणि २०१५ पासून पवईनेही डिझाइनची पहिली पदवी सुरू केली. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याबरोबर प्रवेशाचे दरवाजेही निराळे झाले. अभियांत्रिकीच्या परीक्षेत पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित. डिझाइनच्या परीक्षेत निरीक्षण, कल्पकता आणि रेखन. सतराव्या वर्षीच मुलाने आपण घाटाचे की घडणीचे हे ठरवून टाकावे, अशी ही व्यवस्था झाली आहे.

एकाच वेळी दोन पदव्यांची सवलत हा यावरचा उपाय आहे, असे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. त्या सवलतीची प्रमुख अटच अशी आहे की, दोन्ही अभ्यासक्रमांच्या तासांच्या वेळा एकमेकांस छेदू नयेत. म्हणजे सकाळी एक शिक्षण, दुपारी दुसरे. आणि दोहोंची गाठ पडणार केवळ थकलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यात! कायद्याच्या विद्यार्थ्याने संस्कृतची पदवी घ्यावी यासाठी ही सवलत उत्तम आहे. परंतु जेथे दोन विद्यांचा संगम हेच साध्य आहे तेथे ही बेरीज निरुपयोगी ठरते. दुप्पट विषय, दुप्पट परीक्षा, कदाचित दुप्पट शुल्क, आणि हाती दोन कागद, एवढेच तिचे फलित होईल.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला जातो आणि तो गंभीर आहेही. दोन्ही शिकणारा धड एकातही पारंगत होत नाही, अर्धा अभियंता आणि अर्धा कलावंत अशी त्याची गत होते, असे जुने प्राध्यापक म्हणतात. धरणाची भिंत किंवा विमानाचे इंजिन यांची जबाबदारी ज्याने घ्यावयाची त्याला आपल्या एकाच शास्त्राचा तळ गाठला पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. म्हणूनच संयुक्त पदवी सर्वांसाठी नाही. परंतु रुग्णालयातील खाट, शेतकऱ्याचे अवजार, अपंगांचे साधन, बसमध्ये चढण्याची पायरी, स्वयंपाकाची शेगडी, यांत अवघड असते ते यंत्र आणि माणूस यांच्या सांध्याचे काम. त्या सांध्याचे ज्ञान हीच तेथली खोली होय. १९६८ च्या सुमारास जयपूरचा कृत्रिम पाय जन्मास आला तो डॉ. प्रमोद करण सेठी या शल्यविशारदाच्या आणि रामचंद्र शर्मा या कारागिराच्या सहकार्यातून. अनवाणी चालता यावे, मांडी घालता यावी, शेतातील चिखलात उतरता यावे, या गरजा परदेशी पायाच्या निर्मात्यांना ठाऊक नव्हत्या. असे सहकार्य योगायोगाने घडते तेव्हा आपण त्याचे कौतुक करतो; ते नेमाने घडावे, एवढ्यासाठीच विद्यापीठे असतात.

मग करावे काय? आमच्या मते पहिली गोष्ट वजाबाकीची आहे. दोन्ही अभ्यासक्रमांतील विषय रचून ठेवण्याऐवजी जे अनावश्यक ते निर्दयपणे काढून टाकावे, आणि वाचलेला वेळ कार्यशाळेला व प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसांत हिंडण्याला द्यावा. दुसरी गोष्ट परीक्षेची. दरवर्षी निदान एक काम असे असावे की ज्याला अभियांत्रिकीचा आणि डिझाइनचा परीक्षक एकाच टेबलाशी बसून एकच गुण देतील. तिसरी गोष्ट अध्यापकांची. अनुभवी व्यावसायिकांना औपचारिक पात्रतेच्या अटीशिवाय प्राध्यापकपदी नेमण्याची वाट अनुदान आयोगाने २०२२ मध्येच मोकळी केली आहे. तिचा लाभ निवृत्त व्यवस्थापकांपुरताच न राहता साचे करणाऱ्या कुशल कारागिरांनाही मिळाला पाहिजे. चौथी गोष्ट, पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, मान्यतेची. सरकारी भरतीच्या जाहिरातीत पदवीची शाखा नावानिशी विचारली जाते. नव्या पदवीचे नाव कोणत्या शाखेच्या समकक्ष धरले जाईल, हे पहिल्या तुकडीच्या प्रवेशापूर्वीच जाहीर झाले पाहिजे. हा प्रश्न अधांतरी ठेवून शुल्क घेणे म्हणजे विद्यार्थ्यांच्या आयुष्याशी खेळणे होय.

महाराष्ट्राला या कामी आरंभ शून्यापासून करावयाचा नाही. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले. १८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा उघडली, आणि तीही आरंभी येथील कारागिरांच्या हस्तकौशल्याची उन्नती व्हावी याच हेतूने. अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन विद्या दीड शतकाहून अधिक काळ शेजारी राहिल्या, पण एका पंक्तीला बसल्या नाहीत. आज पुण्याची ती संस्था स्वतंत्र तंत्रविद्यापीठ झाली आहे, जे. जे. ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, आणि जे. जे. पासून माटुंग्याची १८८७ साली स्थापन झालेली व्ही.जे.टी.आय. लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. स्वतःचा अभ्यासक्रम ठरविण्याचे स्वातंत्र्य या संस्थांना आहे. नवी इमारत, नवी समिती किंवा नवे नामकरण यांची वाट न पाहता त्यांनी तीस विद्यार्थ्यांचा एक संयुक्त वर्ग काढावा आणि एसटीची पायरी किंवा सरकारी दवाखान्यातील खाट एवढेच काम त्याच्यापुढे ठेवावे. राज्य शासनाने त्या वर्गाच्या पदवीला नोकरीतील समकक्षता आधीच द्यावी. हे झाले, तर कपाटात पडलेल्या त्या चित्रकलेच्या प्रमाणपत्रांचे चीज होईल. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्यांना कोणतीही पदवी मिळणार नाही अशा लक्षावधी लोकांच्या हाती अधिक चांगल्या वस्तू येतील.