साडेआठनंतरचा विनोद

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. खरं तर लेख मागितला होता इंग्लिश सेक्शनसाठी. पण तो सेक्शन हॉस्टेलवर कोण वाचतं हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे, आणि हा लेख वाचला जावा अशी माझी फार इच्छा आहे. विशेषतः रेक्टर मॅडमनी.

तर विषय आहे ब्रिटिश कॉमेडी. दचकू नका, मुद्द्यावर येते.

बाबांच्या जुन्या हार्ड डिस्कवर 'येस मिनिस्टर', 'फॉल्टी टॉवर्स', 'ब्लॅकॲडर' असा सगळा खजिना आहे. सबमिशनच्या आठवड्यात (तेव्हा अभ्यास सोडून सगळं सुचतं) मी तो उघडला, आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की अरे, इथून तिथून माणसं तीच तीच आहेत! 'फॉल्टी टॉवर्स'चा जॉन क्लीज आणि 'येस मिनिस्टर' लिहिणाऱ्या दोघांपैकी जोनाथन लिन हे १९६४ साली केंब्रिजच्या एकाच कार्यक्रमात होते. त्याच कंपूतले टिम ब्रुक-टेलर, बिल ऑडी, ग्रॅम गार्डन, डेव्हिड हॅच आणि क्लीज बीबीसी रेडिओवर धिंगाणा घालायला लागले. मग क्लीज १९६९ मध्ये 'मॉन्टी पायथन'मध्ये गेला, पुढच्या वर्षी तिघांनी टीव्हीवर 'द गुडीज' काढलं, आणि हॅच मोठा होऊन रेडिओचा साहेब झाला. रेडिओ म्हणजे यांची वर्कशॉप. खर्च कमी, सेट नको, फसलं तरी फार बोंब नाही. जमलं की टीव्ही.

आणि या सगळ्याचं मूळ शोधत गेलं की आपण पोचतो कुठे? तर नगरला! स्पाइक मिलिगनचा जन्म १९१८ सालचा, अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर), आणि शिकला पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये. म्हणजे आमच्यातलाच. त्याने पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम्बला घेऊन १९५१ ते १९६० 'द गून शो' केला. पायथनवाली पोरं रेडिओला कान लावून तोच ऐकत वाढली. पुढे मिलिगनच्या 'क्यू फाइव्ह'चा दिग्दर्शकसुद्धा त्यांनी आपल्याकडे घेतला.

इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट: मिस्टर बीन, म्हणजे रोवन ॲटकिन्सन, इलेक्ट्रिकल इंजिनियर. न्यूकॅसलला डिग्री, मग एम.एस्सी.साठी ऑक्सफर्ड. तिथे त्याला रिचर्ड कर्टिस भेटला आणि १९८३ मध्ये दोघांनी 'ब्लॅकॲडर' आणलं. एम.एस्सी.चा उपयोग झाला म्हणायचा.

लोक म्हणतात, टॅलेंट! असेलच. पण माझं मत असं की रात्री उशिरा त्या खोलीत कोण कोण बसलं होतं, हेही तितकंच महत्त्वाचं. आणि आता खोलीत कोण नव्हतं ते बघा. केंब्रिजचा 'फुटलाइट्स' क्लब १८८३ सालचा. पण मुलींना सभासद व्हायला १९६० चं दशक उजाडलं. रेडिओवरच्या त्या टोळीत मुलगी एकच, जो केंडल. बाकीच्यांची नावं कुठे ना कुठे ऐकली असतील. तिचं ऐकलंय? पायथनमध्ये तर म्हाताऱ्या बायकाही हेच लोक साड्या, सॉरी, फ्रॉक घालून करायचे. 'फॉल्टी टॉवर्स' क्लीज आणि कॉनी बूथ दोघांनी मिळून लिहिलं, पण आपण म्हणतो क्लीजचं.

दार उघडल्यावर काय झालं? १९८० मध्ये तिथे पहिल्यांदा फक्त मुलींचा कार्यक्रम झाला. त्यात एमा थॉम्पसन होती, सँडी टॉक्सविग होती. ह्यू लॉरी (तोच, आपला डॉक्टर हाउस) आणि स्टीफन फ्राय यांची ओळख करून देणारी हीच एमा. १९८१ साली या तिघांच्या कार्यक्रमाने एडिंबरोचं पहिलं पेरिए पारितोषिक घेतलं, आणि दिग्दर्शक होती जॅन रेव्हन्स. पुढे एमाच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'ची पटकथा कॉम्प्युटरने गिळली तेव्हा फ्रायने तासन्‌तास बसून ती बाहेर काढली. त्याच पटकथेला ऑस्कर मिळालं, आणि त्या सिनेमात लॉरीही आहे. टॉक्सविगने २०१६ मध्ये फ्रायकडून 'क्यूआय'ची खुर्ची घेतली.

आता आपल्याकडे या. आमचं गेट साडेआठला बंद. गॅदरिंगच्या स्किटची बैठक नऊला, बॉईज हॉस्टेलवर. सकाळी कॅन्टीनमध्ये आम्हाला कळतं की स्क्रिप्ट फायनल झालं आणि 'तुला बायकोचा रोल आहे, चार वाक्यं'. गेल्या वर्षी मेसच्या रांगेत मी वॉशिंग मशीनवर एक विनोद केला होता. गॅदरिंगला तो एका मुलाच्या तोंडी आला. हॉल कोसळला हसून. मी चौथ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. वाजवाव्या लागतात.

मॅडम, तुमची जबाबदारी मला कळते. माझीच आई तुम्हाला फोन करून 'पोरगी वेळेत येते ना' विचारते. म्हणून गेट उघडं ठेवा असं मी म्हणत नाही. (म्हणजे, म्हणायचं आहे, पण यंदा नको.) बैठक संध्याकाळी साडेपाचला, ड्रॉइंग हॉलमध्ये ठेवायला लावा. आठला सगळे मोकळे. आणि मुलांनो, साडेपाचला तुम्ही टपरीवरच असता. तो चहा ड्रॉइंग हॉलमध्येही पिता येतो.

यंदाच्या स्किटची पहिली बैठक येत्या शनिवारी आहे असं बोर्डावर लागलंय. वेळ रात्री नऊ. खाली लिहिलंय, 'सर्वांनी यावे'.